आरंभीचे बाप्टिस्ट उपदेशक, त्यांचा उपदेश आणि त्यांचे जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील बाप्टिस्ट उपदेशकांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भर इंग्लंडवर आहे, कारण ही चळवळ तेथील माणसांनी उभी केली.

१. बाप्टिस्ट म्हणजे नेमके कोण? इतर प्रॉटेस्टंटांपेक्षा त्यांचे वेगळेपण कशात आहे?

ज्या व्यक्तीने स्वतः विश्वास धरला आहे आणि तो मंडळीसमोर, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समूहासमोर, उघडपणे कबूल केला आहे, तिलाच बाप्तिस्मा द्यावा, तान्ह्या बाळाला देऊ नये, ही बाप्टिस्टांची मूळ भूमिका आहे. ही भूमिका एका विधीपुरती मर्यादित राहत नाही. बाप्तिस्मा स्वेच्छेचा झाला की मंडळीही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची होते. गावात जन्मलेला प्रत्येक जण आपोआप तिचा सभासद ठरत नाही. अशा मंडळीचा पाळक राजाने किंवा बिशपाने नेमायचा नसतो, तो मंडळीनेच निवडायचा असतो. पुढील बहुतेक उत्तरांचे मूळ या शेवटच्या मुद्द्यात आहे.

पूर्ण शरीर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची पद्धत आज बाप्टिस्टांची ओळख मानली जाते. इंग्लंडमध्ये ती १६४०च्या सुमारास रुजली आणि लंडनमधील सात मंडळ्यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्वासपत्रात ती स्पष्टपणे नोंदवली गेली. अगदी पहिल्या पिढीत मात्र डोक्यावर पाणी ओतूनच बाप्तिस्मा दिला जात होता.

२. पहिला बाप्टिस्ट उपदेशक कोणाला म्हणावे?

सर्वसाधारणपणे जॉन स्मिथ यांचे नाव घेतले जाते. ते केंब्रिजमध्ये शिकलेले, इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये दीक्षा घेतलेले उपदेशक होते. त्या चर्चपासून फुटून निघालेल्या गेन्सबरो येथील लोकांचे ते पुढारी झाले, छळ टाळण्यासाठी अनुयायांसह ॲमस्टरडॅमला गेले आणि तेथे १६०९ मध्ये त्यांनी प्रथम स्वतःला, मग इतरांना बाप्तिस्मा दिला. हा स्वतःला दिलेला बाप्तिस्मा पुढे मोठ्या वादाचा विषय ठरला. त्याबद्दल प्रश्न १४ पाहावा.

परंतु इंग्लंडच्या भूमीवर पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी करण्याचे श्रेय थॉमस हेल्विस यांना जाते. नॉटिंगहॅमशायरमधील हे सधन गृहस्थ स्मिथ यांच्यासोबत हॉलंडला गेले होते. आपण छळाला भिऊन देश सोडला याची त्यांना टोचणी लागली आणि १६१२च्या सुमारास ते काही सोबत्यांना घेऊन परतले. लंडनजवळच्या स्पिटलफील्ड्स येथे त्यांनी मंडळी स्थापन केली. त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथाच्या एका प्रतीवर त्यांनी राजा पहिला जेम्स याला उद्देशून स्वतःच्या हाताने लिहिले की, राजा हा मर्त्य मनुष्य आहे, देव नव्हे, आणि म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. हेल्विस यांना न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले आणि काही वर्षांतच त्यांचा मृत्यू झाला. ख्रिस्ती असो, यहुदी असो, मुसलमान असो, धर्माच्या बाबतीत कोणालाही शासनाने शिक्षा करू नये, असे त्यांनी लिहिले होते. असे बोलायला त्या काळात किती धैर्य लागत असेल, हे त्यांचा शेवट पाहिला म्हणजे कळते.

३. ‘जनरल’ आणि ‘पर्टिक्युलर’ बाप्टिस्ट यांत फरक काय?

ख्रिस्ताचे मरण सर्व मानवांसाठी होते असे जनरल बाप्टिस्ट मानत. देवाने निवडलेल्यांसाठीच होते असे पर्टिक्युलर बाप्टिस्ट मानत. हेल्विस यांची परंपरा पहिल्या गटाची. दुसरा गट १६३०च्या दशकात लंडनमधील एका स्वतंत्र मंडळीतून वेगळा उगवला. त्यांचे विस्तृत विश्वासपत्र १६७७ मध्ये तयार झाले आणि १६८९ च्या सभेत त्याला व्यापक मान्यता मिळाली. दोन्ही गटांच्या उपासनेचे बाह्य रूप बरेचसे सारखे होते, पण उपदेशात मात्र हा फरक फार खोलवर जाणवे (प्रश्न १०).

४. उपदेशक होण्यासाठी काही शिक्षण लागत असे का? कोण लायक आहे हे कोण ठरवत असे?

मंडळी ठरवत असे, आणि ऐकून ठरवत असे. एखाद्या सभासदाच्या अंगी उपदेशाचे दान आहे असे वाटले तर त्याला प्रथम मंडळीच्या बैठकीत बोलायला सांगत. तो शास्त्राचा अर्थ नीट लावतो का, ऐकणाऱ्याच्या मनाला त्याचे बोलणे भिडते का, त्याचे घरचे व बाजारातले वागणे त्याच्या शब्दांशी जुळते का, हे सारे पाहून सभासद निर्णय घेत. अनुकूल निर्णय झाला तर त्याला उपदेश करण्याची मोकळीक मिळे. पुढे एखाद्या मंडळीने पाळक म्हणून बोलावले की प्रार्थनेने आणि बहुधा हस्तारोपणाने, म्हणजे डोक्यावर हात ठेवून, त्याची नेमणूक होई. त्या प्रसंगी शेजारच्या मंडळ्यांचे पाळक येत. एक जण नव्या पाळकाला त्याच्या कर्तव्यांचा बोध करी आणि दुसरा मंडळीला तिच्या कर्तव्यांची जाणीव देई. हा दुसरा बोध मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण पाळकाइतकीच जबाबदारी ऐकणाऱ्यांवरही आहे हे त्यातून उघडपणे सांगितले जाई.

ही परीक्षा नावापुरती नव्हती. विल्यम कॅरी यांनी १७८५ मध्ये ओल्नीच्या मंडळीसमोर उपदेश केला तेव्हा मंडळीने त्यांना लगेच मान्यता दिली नाही. आणखी काही काळ लहान ठिकाणी बोलत राहा, असे सांगितले. मान्यता मिळाली ती पुढच्या वर्षी. पुढे भारतातील कामामुळे जगभर नाव झालेल्या माणसाला एका लहान गावातील साध्या सभासदांनी वर्षभर थांबवले आणि त्यानेही ते मानले.

विद्यापीठांचा मार्ग त्यांना जवळजवळ बंदच होता. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच राजमान्य चर्चच्या मतांवर सही करावी लागे, केंब्रिजमध्ये पदवी घेताना. म्हणून जे शिकले ते बहुतांशी स्वतःच्या बळावर. केटरिंगचे जॉन गिल यांना गावच्या शाळेतून लहानपणीच बाहेर पडावे लागले, कारण मुलांनी राजमान्य चर्चच्या प्रार्थनेला गेलेच पाहिजे असा मास्तरांचा आग्रह होता. त्यानंतर ते बाजाराच्या दिवशी पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून वाचत. हे इतके ठरलेले होते की एखाद्या गोष्टीची खात्री द्यायची असली म्हणजे ‘गिल पुस्तकाच्या दुकानात असतो इतके हे खरे’ असे लोक म्हणू लागले. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा त्यांनी अशा कमावल्या की संपूर्ण बायबलवर त्यांनी भाष्य लिहिले आणि १७४८ मध्ये ॲबर्डीनने त्यांना डॉक्टरेट दिली.

शिक्षणाला बाप्टिस्टांचा सरसकट विरोध होता, हा समज मात्र चुकीचा आहे. ब्रिस्टलच्या एडवर्ड टेरिल यांनी १६७९ मध्येच तरुण उपदेशकांना शिकवण्यासाठी आपली मालमत्ता लावून दिली आणि १७२० पासून बर्नार्ड फॉस्केट यांच्या हाताखाली तेथील अकादमीचे काम आकाराला आले. विरोध होता तो एवढ्याच समजुतीला, की पदवी आहे म्हणून कोणी उपदेशक ठरतो.

५. या पाळकांचे पोट कशावर चालत असे?

बहुतेकांचे स्वतःच्या धंद्यावर. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे लेखक जॉन बन्यन भांडी दुरुस्त करत. लंडनच्या बेल ॲलीतील मंडळीचे पुढारी थॉमस लॅम्ब साबण बनवत. कॅरी जोडे शिवत आणि जोडीला शाळा चालवत. जनरल बाप्टिस्टांचे पुढारी डॅन टेलर लहानपणापासून यॉर्कशायरच्या कोळशाच्या खाणीत राबले. ख्रिसमस इव्हान्स हे वेल्समधील नामांकित वक्ते वीस वर्षांहून अधिक काळ अँगलसी बेटावर होते, आणि तेथे त्यांना वर्षाला १७ पौंड मिळत.

दुसऱ्या टोकाला विल्यम किफिन यांचे उदाहरण आहे. १६२५ च्या प्लेगमध्ये पोरके झालेला हा मुलगा पुढे कापडाच्या व्यापारात अतिशय श्रीमंत झाला आणि सुमारे साठ वर्षे लंडनमधील एका मंडळीचा पाळक राहिला. दुसऱ्या चार्ल्स राजाने त्यांच्याकडे ४०,००० पौंड कर्जाऊ मागितले, तेव्हा किफिन यांनी १०,००० पौंड भेट म्हणून देऊ केले आणि नंतर आपण ३०,००० वाचवले असे सांगितले, अशी आठवण बाप्टिस्ट इतिहासात जपलेली आहे. मात्र पैशाने त्यांचे घर वाचले नाही. राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध ड्यूक ऑफ मन्मथ याने केलेल्या उठावात सामील झालेल्या त्यांच्या दोन तरुण नातवांना, बेंजामिन आणि विल्यम ह्यूलिंग यांना, १६८५ मध्ये फाशी देण्यात आले.

स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या पाळकाला श्रीमंत सभासदाचे मन राखावे लागत नसे, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ. तोटाही तितकाच खरा होता : दिवसभर हातोडा किंवा आरी चालवून रात्री दिव्याच्या उजेडात उपदेशाची तयारी करायची आणि रविवारी मैलोन्‌मैल चालत जायचे, यात अनेकांची प्रकृती खचली.

६. त्यांचा उपदेश कसा असे? किती वेळ चाले? लिहून आणलेला वाचत का?

सर्वांत जुना तपशील ॲमस्टरडॅममधील स्मिथ यांच्या मंडळीचा आहे. तेथील ब्रॉमहेड दांपत्याच्या पत्रानुसार सकाळची उपासना आठला सुरू होऊन बारापर्यंत चाले आणि दुपारची दोनपासून पाच-सहापर्यंत. शास्त्राचे अध्याय वाचून त्यांवर चर्चा झाली की पुस्तके बाजूला ठेवली जात. मग पहिला वक्ता एखादे वचन घेऊन जवळजवळ तासभर बोले, त्यानंतर दुसरा, तिसरा, वेळ असेल तर चौथा आणि पाचवाही बोले. शेवटी गरिबांसाठी वर्गणी गोळा होई. समोर पुस्तक ठेवून बोलणे हे आत्म्याच्या प्रेरणेला बांधून टाकणे आहे, अशी स्मिथ यांची धारणा होती.

ही टोकाची पद्धत फार काळ टिकली नाही. पुढच्या पिढ्यांत उपदेश एकाच पाळकाकडे आला आणि त्याला प्युरिटन (राजमान्य चर्च अधिक शुद्ध करू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या) वळणाची ठाम रचना मिळाली : आधी वचन व त्याचा संदर्भ, मग त्यातून निघणारी शिकवण आणि तिची कारणे, आणि सर्वांत शेवटी ‘उपयोग’, म्हणजे ही शिकवण ऐकणाऱ्याच्या आयुष्याला कोठे लागू पडते त्याचे विवरण. शेवटचा भाग बहुधा सर्वांत लांब असे, कारण धीर सुटलेल्याला, बेफिकीर असलेल्याला आणि नव्याने विश्वासात आलेल्याला उपदेशक तेथे वेगवेगळे उद्देशून बोले. कागद वाचून उपदेश करणे सहसा कमी दर्जाचे मानत. टिपणे तयार करत, पण बोलताना नजर लोकांकडेच असे.

या चौकटीत व्यक्तिपरत्वे फार विविधता होती. बन्यन यांच्या उपदेशात बाजारातली, रस्त्यावरची बोली सरळ येते आणि मनातील भीती व आशा एकमेकींशी वाद घालताना दिसतात. बेंजामिन कीच रूपकांचे भोक्ते होते. गिल एका वचनाचे अनेक पदर उलगडत आणि त्यासाठी यहुदी भाष्यकारांचाही आधार घेत. केटरिंगचे पाळक अँड्र्यू फुलर यांची भाषा सरळ आणि युक्तिवाद घट्ट असे. त्यांच्या वक्तृत्वात झळाळी नव्हती, पण ऐकणाऱ्याला पळवाट सापडत नसे. थोरला आणि धाकटा असे दोन रॉबर्ट हॉल होऊन गेले. त्यांपैकी धाकट्यांना आयुष्यभर पाठीच्या असह्य वेदना होत्या. ते जमिनीवर पडून वाचत, वेदना शमवण्यासाठी अफूचा अर्क घेत, आणि तरीही व्यासपीठावर उभे राहिले की केंब्रिजचे विद्वान कान देऊन ऐकत. ख्रिसमस इव्हान्स यांचा एक डोळा तरुणपणीच्या मारहाणीत गेला होता. ते बायबलमधील प्रसंग नाट्यासारखे उभे करत, त्यांतील पात्रांना वेल्श भाषेत बोलायला लावत, आणि उघड्या माळावर जमलेले हजारो लोक कधी हसत, कधी रडत.

मला या सर्वांत फुलर यांचे मोल सर्वाधिक वाटते. गिल यांची विद्वत्ता अफाट होती, इव्हान्स यांची प्रतिभा दुर्मिळ होती. पण फुलर यांच्यामुळे बाप्टिस्ट उपदेशाची दिशाच बदलली. ती कशी, हे प्रश्न १० मध्ये सांगितले आहे.

७. त्यांना तुरुंगात का टाकत? गुन्हा काय होता?

बिशपाच्या परवान्याविना उपदेश करणे आणि राजमान्य चर्चबाहेर उपासनेसाठी जमणे, हाच गुन्हा. यादवी युद्धानंतरची राजाविना चाललेली राजवट संपून १६६० मध्ये राजसत्ता परत आली आणि त्यानंतर कायद्यांची मालिकाच लागली. १६६२ च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनापुस्तक सर्वांवर सक्तीचे केले. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक लोकांनी अन्य पद्धतीच्या उपासनेला जमणे दंडनीय ठरवले. १६६५ मध्ये अशा उपदेशकांना मोठ्या नगरांच्या आणि त्यांच्या जुन्या कार्यक्षेत्राच्या पाच मैलांच्या आत राहण्याची मनाई झाली. १६७० मध्ये उपदेशकाला पहिल्या वेळी २० पौंड आणि पुढे ४० पौंड दंड ठरला. ही रक्कम अनेकांच्या वर्षाच्या कमाईहून जास्त होती. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने उपासनेची मोकळीक मिळाली, तरी विद्यापीठांची आणि सरकारी पदांची दारे बंदच राहिली.

बन्यन यांना १२ नोव्हेंबर १६६० रोजी, म्हणजे हे नवे कायदे होण्याच्याही आधी, एलिझाबेथ राणीच्या काळातील जुन्या कायद्याखाली बेडफर्डशायरमधील लोअर सॅमसेल येथे पकडले. अटक होणार ही खबर त्यांना आधीच मिळाली होती आणि सभा रद्द करणे शक्य होते. पण आपण पळालो तर नवे, दुबळे विश्वासणारे काय समजतील, या विचाराने ते गेले. यापुढे उपदेश करणार नाही एवढे वचन दिले असते तर सुटका झाली असती. त्यांनी ते दिले नाही आणि बारा वर्षे तुरुंगात काढली. तेथे ते घर चालवण्यासाठी नाड्यांना धातूची टोके लावून विकत, सोबतच्या कैद्यांना उपदेश करत आणि लिहीत.

बेंजामिन कीच यांच्यावर १६६४ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या एका छोट्या पाठ्यपुस्तकावरून खटला झाला. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देऊ नये आणि पदवी नसलेलाही उपदेश करू शकतो, ही त्यातील आक्षेपार्ह मते. त्यांना एल्सबरीच्या आणि विन्स्लोच्या बाजारात प्रत्येकी दोन तास मान व हात लाकडी चौकटीत अडकवून उभे केले, आणि विन्स्लोला त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक जाळले. त्या चौकटीत मान अडकलेली असतानाही त्यांनी जमलेल्या लोकांना उपदेश केला. पुढे लंडनजवळच्या हॉर्स्लीडाउन येथे ते पाळक झाले. गिल हे त्याच मंडळीचे नंतरचे पाळक, आणि एकोणिसाव्या शतकातील सुप्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांची मंडळीही याच परंपरेतली.

८. त्यांच्या बायका-मुलांचे काय होई? याबद्दल फार कोणी लिहीत नाही.

तक्रार योग्य आहे, आणि म्हणून हे उत्तर वेगळे दिले आहे. बन्यन पकडले गेले तेव्हा त्यांची दुसरी पत्नी एलिझाबेथ गरोदर होती; त्या धक्क्याने तिचे मूल दगावले. पहिल्या पत्नीची चार मुले तिच्या पदरात होती, त्यांतील मेरी आंधळी होती. या तरुण बाईने १६६१ मध्ये न्यायाधीशांपुढे उभे राहून नवऱ्याची बाजू मांडली. न्यायमूर्ती मॅथ्यू हेल यांना तिची कणव आली, पण सुटका झाली नाही. पत्नी आणि मुलांपासून, विशेषतः मेरीपासून, दूर राहणे हे अंगावरचे मांस हाडांपासून सोलून काढण्यासारखे होते, असे बन्यन यांनीच लिहून ठेवले आहे.

कॅरी यांची पत्नी डॉरथी हिने बंगालला यायला प्रथम नकार दिला होता; शेवटी बहीण सोबत येते म्हणाली तेव्हा ती निघाली. १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा पीटर आजाराने गेला आणि त्यानंतर डॉरथीचे मन कायमचे बिघडले. १८०७ मध्ये तिचा मृत्यू झाला. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असताना कॅरी भाषांतराचे काम करत बसत. त्यांच्या कामाचा गौरव करताना डॉरथीने मोजलेली किंमत हिशेबातून वगळणे मला अन्यायाचे वाटते.

९. अमेरिकेत तर धर्मस्वातंत्र्य होते ना? तेथे बाप्टिस्टांचा छळ का झाला?

आरंभी ते सर्वत्र नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी स्वतःचेच राजमान्य चर्च उभे केले होते. १६५१ मध्ये ऑबडाया होम्स यांना बॉस्टनमध्ये तीस फटके मारण्यात आले. ‘तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलेत’, असे ते त्यानंतर अधिकाऱ्यांना म्हणाले. प्रत्यक्षात कित्येक दिवस त्यांना कोपर-गुडघ्यांवर रेलूनच झोपावे लागले. हार्वर्डचे अध्यक्ष हेन्री डन्स्टर यांना बालबाप्तिस्म्याविरुद्ध मत मांडल्यामुळे १६५४ मध्ये पद सोडावे लागले. मोकळीक होती ती ऱ्होड आयलंडमध्ये, आणि तेथील १६६३ ची सनद मिळवण्यात न्यूपोर्टचे बाप्टिस्ट पाळक जॉन क्लार्क यांचा मोठा वाटा होता.

व्हर्जिनियात छळ शंभर वर्षांनंतर झाला. १७६८ मध्ये जॉन वॉलर, लुईस क्रेग आणि त्यांच्या सोबत्यांना शांतताभंगाच्या आरोपाखाली फ्रेडरिक्सबर्गच्या तुरुंगात टाकले, तेव्हा ते गजांआडून बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करू लागले. हे उपदेशक शुबल स्टर्न्स यांनी १७५५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील सँडी क्रीक येथे पेटवलेल्या चळवळीतले होते. त्यांच्या उपदेशात स्वर गाण्यासारखा चढत-उतरत असे. व्हर्जिनियाने १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, त्यामागे जॉन लीलंड यांच्यासारख्या बाप्टिस्टांची चिकाटी होती.

याच देशात गुलाम म्हणून जन्मलेल्या उपदेशकांचीही एक परंपरा उभी राहिली. जॉर्ज लाईल हे मालकाने मुक्त केल्यावर जॉर्जियात उपदेश करत. १७८३च्या सुमारास ते जमैकाला गेले आणि तेथे त्यांनी मंडळी स्थापन केली. म्हणजे कॅरी भारतात येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधी एक काळा बाप्टिस्ट उपदेशक परदेशात शुभवर्तमान सांगत होता. डेव्हिड जॉर्ज नोव्हा स्कोशियामार्गे १७९२ मध्ये सिएरा लिओनला पोहोचले. सव्हानाचे अँड्र्यू ब्रायन यांना उपदेशासाठी रक्त येईपर्यंत फटके मारले गेले, तरी त्यांची मंडळी वाढतच गेली. यांच्याविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

१०. देवाने आधीच निवड केली आहे असे मानणारे लोक उपदेश कशासाठी करत?

हा प्रश्न त्यांनाही पडला होता. अठराव्या शतकातील अनेक पर्टिक्युलर बाप्टिस्टांचे म्हणणे असे की, ज्याच्या मनात देवाने अजून काम केलेले नाही त्याला ‘विश्वास ठेव’ असे सांगणे चूक आहे, कारण ते त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. त्यामुळे उपदेश मंडळीतल्या मंडळीत फिरू लागला आणि अनेक मंडळ्या सुकत गेल्या.

फुलर तरुणपणी अशाच उपदेशाखाली वाढले होते आणि आपल्याला ख्रिस्ताकडे जाण्याचा अधिकार आहे की नाही, या शंकेने वर्षानुवर्षे पोळले होते. त्यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, माणसाची असमर्थता ही इच्छेची आहे, क्षमतेची नव्हे. म्हणून शुभवर्तमान ऐकणाऱ्या प्रत्येकाचे विश्वास ठेवणे हे कर्तव्य आहे आणि प्रत्येकाला तसे सांगणे हे उपदेशकाचे कर्तव्य आहे. ही गोष्ट मान्य झाली की ‘प्रत्येक’ या मर्यादेत सारे जग येते. कॅरी यांनी हाच धागा पुढे नेला. ३० मे १७९२ रोजी नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशयाच्या ५४ व्या अध्यायावर उपदेश केला, आणि २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरी बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी कबूल झालेली वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती. फुलर तिचे पहिले चिटणीस झाले आणि १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम त्यांनी वाहिले.

११. स्त्रिया उपदेश करत असत का?

क्वचित, आणि विरोध सोसून. १६४०च्या दशकात बेल ॲलीत श्रीमती ॲटवे या लेस विकणाऱ्या बाई उपदेश करत आणि ऐकायला गर्दी लोटे. त्यांची माहिती मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लिखाणातून मिळते. अमेरिकेत शुबल स्टर्न्स यांची बहीण मार्था मार्शल हिच्या प्रार्थनेने आणि बोधाने सभा हेलावून जात. औपचारिक नेमणूक मात्र पुरुषांचीच होई.

१२. उपासनेत गाणे निषिद्ध होते, हे खरे का?

बऱ्याच मंडळ्यांत खरे. आधीपासून रचलेले गीत सर्वांनी मिळून म्हणणे हे छापील प्रार्थनेसारखेच कृत्रिम आहे, असे अनेकांना वाटे (प्रश्न ६ मधील पुस्तके बाजूला ठेवण्याची गोष्ट आठवावी). कीच यांनी प्रथम प्रभुभोजनानंतर (ख्रिस्ताच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीनंतर) एक गीत म्हणण्याची प्रथा पाडली आणि हळूहळू ती वाढवली. १६९१च्या सुमारास वाद विकोपाला गेला आणि काही सभासदांनी बाहेर पडून मेझ पाँड येथे गीताविना उपासना करणारी वेगळी मंडळी काढली.

१३. महाराष्ट्रातील जुन्या मंडळ्या बाप्टिस्ट परंपरेतल्या आहेत का? आणि कॅरी यांचा मराठीशी काय संबंध?

मुंबई-अहमदनगरच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा बाप्टिस्ट नाही, ती काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट पंथाची) आहे. तेथे बालबाप्तिस्मा दिला जाई. तरीही दोन्ही परंपरांची वाट एका जागी फुटते. फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे पाच तरुणांची भारतासाठी एकाच दिवशी नेमणूक झाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि त्यांच्या कामातून मराठी मिशन उभे राहिले. अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राईस यांचे बालबाप्तिस्म्याविषयीचे मत मात्र या प्रवासात बदलले. कलकत्त्यात त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेले आणि राईस यांनी अमेरिकेत परतून बाप्टिस्ट मंडळ्यांना परदेशी कार्यासाठी संघटित केले.

कॅरी महाराष्ट्रात कधी राहिले नाहीत. बंगालमधील सेरामपूर येथे राहून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत आणि तेथेच पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, मोडी लिपीत छापलेला शब्दकोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरहून निघाला. मराठी छपाईच्या इतिहासात या पुस्तकांचे स्थान आरंभीचे आहे आणि त्यांत वैजनाथांचा वाटा कॅरी यांच्याइतकाच मानला पाहिजे. बन्यन यांच्या प्रसिद्ध रूपककथेचे हरी केशवजी यांनी केलेले मराठी रूपांतरही १८४१ मध्येच वाचकांच्या हाती आले होते.

१४. स्मिथ यांनी स्वतःलाच बाप्तिस्मा दिला, तर पुढचे सर्व बाप्तिस्मे अवैध ठरत नाहीत का?

त्यांच्या विरोधकांनी हेच विचारले आणि काही काळाने स्मिथ यांनाही आपली घाई चुकली असे वाटले. ॲमस्टरडॅममध्ये आधीपासून प्रौढांना बाप्तिस्मा देणारे मेनोनाईट होते, त्यांच्याकडून तो घ्यायला हवा होता, असे म्हणून त्यांनी त्यांच्यात सामील होण्याचा अर्ज केला. तो मंजूर होण्याआधीच १६१२ मध्ये ते वारले. हेल्विस यांनी उलट भूमिका घेतली : खरेपणा हातांच्या अखंड साखळीवर अवलंबून नसतो, जेथे विश्वासणारे शास्त्राप्रमाणे एकत्र येतात तेथे मंडळी नव्याने सुरू होऊ शकते. बहुतेक बाप्टिस्टांनी पुढे हेच मानले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडचे संस्थापक रॉजर विल्यम्स यांना मात्र ते पटले नाही. प्रॉव्हिडन्समध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर काही महिन्यांतच, असा अधिकार आज कोणाकडेच उरलेला नाही असे म्हणून ते बाजूला झाले, आणि तरीही धर्मस्वातंत्र्यासाठी अखेरपर्यंत झटत राहिले.

१५. बन्यन खरोखर बाप्टिस्ट होते का?

दोन्ही बाजूंनी बोलता येते. बेडफर्डची मंडळी बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरून कोणाला दूर ठेवत नसे. बालपणीच बाप्तिस्मा झालेल्यांनाही ती सामावून घेई. पाण्याविषयीचा मतभेद प्रभुभोजनाच्या आड येऊ नये, असे बन्यन यांनी १६७३ मध्ये ठामपणे लिहिले, तर किफिन यांनी १६८१ मध्ये त्याविरुद्ध पुस्तक लिहून आधी बाप्तिस्मा, मगच प्रभुभोजन, हा नियम मांडला. माझ्या मते बन्यन यांना ‘खुल्या प्रभुभोजनाचे बाप्टिस्ट’ म्हणणे योग्य ठरते. १६८८ मध्ये रागावलेल्या एका बापाची मुलाशी समजूत घालून ते पावसात भिजत घोड्यावरून लंडनला आले, आजारी पडले आणि ३१ ऑगस्टला वारले.

१६. शनिवारी उपासना करणारे बाप्टिस्ट होते असे वाचले. ते खरे बाप्टिस्ट मानावेत का?

मानावेत. बाप्तिस्म्याविषयी आणि मंडळीच्या स्वातंत्र्याविषयी त्यांचे मत इतरांसारखेच होते. सातव्या दिवसाची आज्ञा रद्द झालेली नाही एवढेच त्यांचे अधिकचे म्हणणे होते. त्यांनी छळही कमी सोसला नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील त्यांचे पाळक जॉन जेम्स यांना ऑक्टोबर १६६१ मध्ये शनिवारच्या सभेतून पकडून राजद्रोहाच्या आरोपाखाली नोव्हेंबरमध्ये टायबर्न येथे फाशी दिले. फ्रान्सिस बॅम्फील्ड हे ऑक्सफर्डचे पदवीधर १६८४ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगातच वारले. पुढे याच परंपरेतील जोसेफ स्टेनेट हे शनिवारी आपल्या मंडळीत आणि रविवारी इतर बाप्टिस्ट मंडळ्यांत उपदेश करत, आणि दोन्हीकडे त्यांना सारख्याच आदराने बोलावले जाई.